ओळीबाहेरचा दिवा

बैठकीच्या छतातले जुने दिवे काढायला मिस्त्री आला, तेव्हा शिडी खाली ठेवण्याआधी तो भिंतीवरच्या फोटोसमोर थांबला.

"वहिनी हसल्या नाहीत फोटोत," तो म्हणाला.

"तिला हसायची फारशी सवय नव्हती."

"नाही जी. लई हसत होत्या."

 एकतीस वर्षांचा संसार माझा, आणि तिच्या हसण्याची माहिती देऊळघाटहून मोटारसायकलवर आलेला माणूस मला देत होता. ते मला आवडलं नाही.

दहा वर्षांपूर्वी हे पीओपीचं छत त्यानेच केलं होतं. ते काम चाललं तो आठवडा मी कॉलेजात होतो; सगळं तिनेच उभं राहून करून घेतलं. छतात आठ गोल खड्डे आणि त्यांत पिळाच्या नळ्यांचे सीएफएल दिवे. आता त्या नळ्या बाजारात मिळत नाहीत. आठांतले तीनच कसेबसे लागत, त्यातला एक गुणगुणायचा. पुढच्या आठवड्यात तिचं वर्षश्राद्ध होतं. माणसं येतील, अंधारात कुठे बसवायची, म्हणून मी मिस्त्रीला बोलावलं.

आल्या आल्या मी त्याला एक गोष्ट बजावली. दोन ओळींत चार-चार दिवे, पण त्यातला एक ओळ सोडून हातभर खिडकीकडे सरकलेला. पाहुण्यांना मी तो दाखवत असे आणि आपल्याकडच्या कारागिरीला नावं ठेवत असे. ती तेव्हा चहाचे कप उचलून आत जायची.

"या वेळी सगळे एका ओळीत घ्या. ते भोक बुजवा," मी म्हणालो.

 तो मेन बंद करून शिडीवर चढला. दिव्याची कडा बोटांनी खाली ओढायची, आतल्या दोन स्प्रिंगा दाबून धरायच्या, मग डबा धुळीसकट हातात येतो. प्रत्येक डब्यात मूठभर मेलेले किडे. सात झाले. आठव्याशी तो थांबला.

"सर, हे वाकडं नाही. वहिनीनं मुद्दाम इथं लावाले सांगतलं होतं."

"कशासाठी?"

त्याने एकदा फोटोकडे पाहिलं. "अष्टाचंग्यासाठी."

मला आधी समजलंच नाही. मग त्याने सांगितलं. मी कॉलेजात गेलो की दुपारी शेजारच्या काकू येत. फरशीवर खडूने पंचवीस घरं आखायची, चिंचोके फोडून त्यांचे फासे करायचे, आणि दोघींनी तीन-चार डाव खेळायचे. शेजारच्या इमारतीमुळे ती जागा दुपारीही अंधारी, म्हणून डोक्यावर दिवा. काकू आता मुलाकडे खामगावला राहतात.

खडू माझेच असणार. वर्गातून परतताना सदऱ्याच्या खिशात तुकडे राहायचे, धुण्याआधी ती काढून ठेवायची. त्यांचं पुढे काय होतं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"तुम्हाला हे कसं माहीत?"

"एक दिवस काकू आल्या नाही. छत वाळून राह्यलं होतं, मले काम नव्हतं. वहिनी म्हने, बसतं का बे, का हारशीन म्हनून घाबरतं?"

बे. हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ती सोनाळ्याची, तिची बोली याच्यासारखीच. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी तिचं 'मले' आणि 'तुले' दोन-तीनदा सुधारलं होतं. नंतर ती माझ्याशी माझ्यासारखंच बोलायची, जपून, कमी. तिला ते आवडलं, अशी मी समजूत करून घेतली होती.

"मग कोण जिंकलं?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं.

"त्याच. रडी खेळत, सर. चिंचोका बोटानं पलटवत. म्या पकडलं तं मलेच म्हने, डोये तपासून घे आधी."

तो शिडीवर बसून हसत होता. मला तिने आयुष्यात कधी फसवलं नाही, असं मी लोकांना अभिमानाने सांगत आलो होतो. शिडीवरच्या माणसाला तिने फसवलं होतं, पकडली गेली होती आणि वर त्यालाच दटावलं होतं. मला त्याचा हेवा वाटला, आणि त्याहून जास्त राग आला तो हे सगळं त्याला इतकं सहज आठवतं याचा.

"पण नेमकं इथेच का? ओळीतल्या जागी अंधार नव्हता?"

त्याने आठवा डबाही उतरवला, खिशातून ओळंबा काढला, दोरी रिकाम्या भोकातून खाली सोडली. लोखंडी गोळा हलत हलत फरशीच्या वीतभर वर थांबला.

"हे मधलं घर. वहिनी या बाजूनं, खिडकीकडे तोंड करून. तुमची स्कूटर गेटपाशी आली का दिसाले पाहिजे म्हने. दिसली का ओल्या फडक्यानं सारं पुसून टाकत."

भेटायला येणाऱ्यांना मी वर्षभर एक आठवण सांगत होतो. मी घंटा वाजवायच्या आधीच ती दार उघडायची, पदराला ओले हात पुसत. इतकी वाट पाहायची, असं मी शेवटी म्हणायचो.

वाट ती पाहत होतीच.

"तं मंग भोक बुजवू ना, सर?"

"नको. नवा दिवा तिथेच लावा."

"लाईन वाकडी दिसन."

"दिसू द्या."

तो वायर सोलू लागला. मी फरशीवर बसलो. गुडघे कुरकुरले. ओळंबा अजून लटकत होता, त्याच्यासमोर, खिडकीकडे तोंड करून बसलो. त्याने वरून पाहिलं.

"डाव्या हाताले सरका, सर. तिथून गेट नाही दिसत."

मी सरकलो. गेट दिसलं.