कपाटातल्या पाच फ्लॉपी

आधीच सांगून टाकतो, माझ्या स्मरणशक्तीवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. पुढच्या गोष्टी घडल्या त्याच क्रमाने मी सांगतो आहे की सांगून सांगून तो क्रम बसला आहे, हे मला ठरवता येत नाही. आमच्या कॉम्प्युटर रूममध्ये दर दोन-तीन वर्षांनी एक नवीन खोकं यायचं आणि त्याच्याबरोबर एक किस्सा यायचा. खोकी सगळी भंगारात गेली. किस्से तेवढे साचून राहिले.

नव्वदच्या दशकातली, नेवासा तालुक्यातल्या आमच्या कॉलेजची ही हकिगत.

*

मी भौतिकशास्त्र शिकवायचो. पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा प्राचार्यांनी त्याचा ताबा माझ्याकडे दिला. मी म्हटलं, "सर, मला यातलं काही येत नाही."

प्राचार्य म्हणाले, "कॉलेजात डॉक्टरेट तुम्हालाच आहे. न येणारा माणूसही डॉक्टर असला की बरं दिसतं."

खोलीला पडदे लागले, एसी लागला आणि बाहेर चप्पल काढायचा नियम झाला. तो नियम आमचे शिपाई दगडूमामा पाळून घ्यायचे. धुळीने मशीन बिघडतं एवढं मी त्यांना सांगितलं होतं. बाकीचा कडकपणा त्यांचा स्वतःचा. एकदा संस्थेचे एक वयस्कर संचालक पाहणीला आले. मामांनी त्यांनाही बूट काढायला लावले. ते आत आले, थंडगार अंधारात उभे राहिले, झाकण घातलेल्या मशीनकडे पाहून त्यांनी हात जोडले आणि तसेच मागे वळून बाहेर गेले.

पाहणीचा शेरा उत्तम आला.

*

पुढे विंडोजवालं मशीन आलं, त्याच्याबरोबर माउस आला. पडद्यावरचा बाण मी उजवीकडे नेऊ लागलो. बाण अर्ध्यात असतानाच टेबल संपलं. दोन दिवस मी वेगवेगळ्या कोनांतून प्रयत्न केला, मग प्राचार्यांकडे लेखी मागणी केली : सध्याचे टेबल अपुरे पडत असल्याने किमान पाच फुटी टेबल मिळावे.

मागणी मंजूर झाली. टेबल खोलीत लावताना मी दगडूमामांना अडचण समजावून सांगितली. त्यांनी माउस उचलला, मधोमध ठेवला आणि म्हणाले, "सर, उचलून परत ठिवायचा की. इस्त्री करताना आमी तसंच करतो."

ते टेबल मी निवृत्त होईपर्यंत खोलीत होतं. त्यावर चहा ठेवत असू.

*

खंडेनवमीला आमच्याकडे प्रत्येक विभाग आपापल्या हत्यारांची पूजा करतो. केमिस्ट्रीवाले तराजू मांडतात, जिमखान्याचे लोक भाला आणि थाळी. पहिल्याच वर्षी दगडूमामांनी की-बोर्डवर हळदकुंकू वाहिलं, अगदी मनापासून, मूठभर. पुढे बरेच दिवस तीन अक्षरं उमटत नव्हती.

मी त्यांना बसवून समजावलं. ही यंत्रं नाजूक असतात, आत कण गेला तर संपलं, श्रद्धा वेगळी आणि शास्त्र वेगळं वगैरे. ते मान खाली घालून ऐकत होते. शेवटी असं ठरलं की इथून पुढे या खोलीतली पूजा शास्त्र शिकलेल्या माणसाने करायची. म्हणजे मी.

*

आता गायकवाडांबद्दल सांगतो. ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. प्रवरेच्या काठच्या गवतांवर त्यांची पीएचडी चालू होती. वडील कारखान्यात हंगामी मजूर. घरातलेच नव्हे, गावातल्या त्यांच्या सगळ्या वस्तीतले ते पहिले प्राध्यापक. सात वर्षं रविवारी सायकल काढून नदीकाठी जायचे आणि दप्तरात गवत भरून आणायचे. त्यांच्या नोंदणीची मुदत संपायला तेव्हा अडीच महिने उरले होते. एकदा मुदतवाढ घेऊन झाली होती, दुसरी मिळत नाही. मुदतीत प्रबंध गेला नाही तर सात वर्षं पाण्यात.

ते टाइपरायटरवर टाइप करून घेणार होते. मीच त्यांना म्हटलं, "कॉम्प्युटरवर करा. दुरुस्ती सोपी जाते."

पहिल्याच दिवशी त्यांच्या हातून अर्धं पान पुसलं गेलं. ते पांढरे पडले. मी दोन बटणं दाबून पान परत आणलं.  ते म्हणाले, "सर, हे एवढं एक आधी निघालं असतं तर माझ्या दोन वर्षांच्या वह्या पुरात गेल्या नसत्या."

मी म्हटलं, आता काळजी नको. हे मी म्हटल्याचं मला नक्की आठवतं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

*

प्रबंध संपत आला आणि मशीनला व्हायरस लागला. प्राचार्यांना मी तसं कळवलं. त्यांनी विचारलं, "विद्यार्थ्यांना सुट्टी द्यावी लागेल का?" मी नाही म्हटलं, पण लागण कशातून होते हे मला तरी कुठे नीट माहीत होतं! दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तो दगडूमामांनी सगळी खोली फिनेलने पुसून काढलेली. टेबल, खुर्च्या, मशीनचं खोकंही. मी त्यांना थांबवलं नाही. थोडं बरंच वाटलं.

नगरहून इंजिनियर आला. म्हणाला, आतलं सगळं पुसावं लागेल आणि मशीन दुकानात न्यावं लागेल. निदान तीन आठवडे. जायच्या आधी त्याने गायकवाडांचा प्रबंध पाच फ्लॉपींवर उतरवून, तपासून दिला. आता तो प्रबंध जगात फक्त त्या पाच फ्लॉपींवर होता.

गायकवाडांना त्या घरी न्यायच्या होत्या. मी नको म्हटलं. एसटीतली धूळ, गर्दी, ऊन. त्यापेक्षा माझ्या प्रयोगशाळेतलं लोखंडी कपाट होतं, किल्ली फक्त माझ्याकडे. त्यांनी फ्लॉपी रुमालात बांधून माझ्या हातात दिल्या.

ते तीन आठवडे कॉम्प्युटर रूममध्ये नुसतं पाच फुटी टेबल होतं. मधे खंडेनवमी आली, गेली.

*

मशीन परत आलं तेव्हा मुदतीला नऊ दिवस होते. पहिली फ्लॉपी घातली, उघडेना. दुसरीही उघडेना. बाकीच्या तीन उघडल्या. पहिल्या दोनवर तिसरं प्रकरण होतं. गवतांची सगळी वर्णनं त्यातच.

मी कपाटाकडे गेलो. फ्लॉपी ठेवलेल्या कप्प्यातच, मागे, पट्टीचुंबकांची पेटी होती. बारा चुंबक. फ्लॉपीजवळ चुंबक नेऊ नये, हे कॉम्प्युटर रूमच्या दारावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

मी पेटी उचलून वरच्या कप्प्यात ठेवली, कपाट लावलं आणि परत येऊन म्हणालो, "फ्लॉपी खराब निघाल्या."  गायकवाडांनी खुर्चीत बसून रुमालाची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली.

दगडूमामा दारात उभे होते. गायकवाड गेल्यावर ते हळूच म्हणाले, "सर, माझ्या फिनेलानं तर न्हाई ना झालं? वास लई उग्र हुता."

मी म्हणालो, "सांगता येत नाही, मामा."

तेव्हा मला चुंबकांबद्दल चांगलंच सांगता येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडूमामा कापडी पिशवी घेऊन आले. तीत त्यांच्या मुलीच्या वह्या होत्या. प्रबंध तपासण्यासाठी वेळोवेळी प्रिंटरमधून काढलेले कच्चे कागद, ते कडेला भोकं असलेले लांबलचक, मामा रद्दी म्हणून घरी न्यायचे आणि मुलीच्या वह्यांना कव्हरं घालायचे. छापलेली बाजू आत. गायकवाडांनी एक कव्हर उलगडलं आणि वाचू लागले. मग दुसरं.

"सर," ते म्हणाले, "गणिताच्या वहीवर हरळी आहे. भूगोलावर कुंदा."

पुढचे चार दिवस आम्ही तिघे वह्या उलगडत होतो. मामा कव्हर सोडवायचे, गायकवाड वाचायचे, मी टाइप करायचो. मारवेल शास्त्राच्या वहीवर निघाली. लव्हाळ्याचं एक पान सापडेना, मामा घरी जाऊन आले आणि मान हलवत म्हणाले, "त्यो कागद तिच्या मैतरणीच्या वहीला गेलाय. मैतरीण सोनईला, मामाकडं." लव्हाळा गायकवाडांनी नदीवर जाऊन, समोर बसून, नव्याने लिहिला.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी प्रबंध विद्यापीठात पोचला. दगडूमामांच्या मुलीला आम्ही वर्षभराची ब्राऊन पेपरची कव्हरं आणून दिली. ती तिला आवडली नाहीत म्हणे. वाचायला काही नसायचं त्यांच्यात.

*

दशक संपता संपता कॉलेजात इंटरनेट आलं. पहिली ईमेल डॉ. गायकवाडांच्या नावाने आली, परदेशातल्या कुणा गवताच्या अभ्यासकाची. तिसऱ्या प्रकरणातल्या लव्हाळ्याबद्दल त्याला अधिक माहिती हवी होती. प्राचार्यांनी तिचं प्रिंट काढायला लावलं, त्यावर आवक शिक्का मारला, नंबर टाकला आणि विचारलं, "पाकीट कुठे आहे?"

पाकीट नसतं, हे मी सांगितलं.

"मग आली कधी, हे कशावरून ठरवायचं?" प्राचार्य म्हणाले, आणि ईमेल पोचल्याचं पत्र त्यांनी टपालाने पाठवलं. त्या पत्राची पोच आम्हाला ईमेलने आली. तिलाही नंबर पडला.

*

गायकवाडांच्या प्रबंधाची एक प्रत माझ्याकडे आहे. ऋणनिर्देशात त्यांनी लिहिलं आहे की दगडूमामांनी त्यांचं संशोधन वाचवलं आणि मी ते जिवापाड सांभाळलं. ते वाक्य मी अनेकदा वाचलं आहे. चुंबकांची गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही. दगडूमामा निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणातही त्यांनी फिनेलबद्दल माफी मागितली. लोक हसले. मीही हसलो.

मी निवृत्त होताना प्रयोगशाळेचा ताबा द्यायचा होता. प्रत्येक वस्तू चालू आहे की नाही तपासून यादीवर खूण करायची होती. चुंबकांची पेटी आली. मी टाचण्यांची डबी घेतली आणि एकेक चुंबक तिच्यात बुडवला. बाराच्या बारा. एकाही चुंबकाला एकही टाचणी चिकटली नाही. जुनं रजिस्टर काढून पाहिलं. गायकवाडांच्या प्रबंधाच्या आदल्या वर्षीच, तेव्हाच्या प्रयोगशाळा सहायकाने त्या पेटीपुढे 'निकामी' असा शेरा मारून ठेवला होता. खाली माझी सही होती.

त्या दोन फ्लॉपी मी टाकल्या नव्हत्या. घरी येऊन त्या काढल्या, खिडकीपाशी नेल्या आणि बोटाने पत्र्याचं झाकण सरकवलं. आधी एकीचं, मग दुसरीचं. आतल्या काळ्या चकतीवर तांबडी पूड होती. मी ती कागदावर झटकून बायकोला दाखवली. तिने बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, "कुंकू आहे की."

त्या वर्षी खंडेनवमीला मशीन नगरला होतं. टेबलावर मांडायला हत्यार म्हणून, मीच कपाटातून काढून आणलेल्या, त्या पाच फ्लॉपीच होत्या. दगडूमामा हात मागे बांधून लांब उभे होते, आणि पहिल्या दोन फ्लॉपींना कुंकू लावून झाल्यावर मला शंका आली म्हणून मी थांबलो होतो.