पिल्लाचं घोंगडं

अजूनही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. वय झालं, आता राग सोडावा म्हणतात. का सोडावा?

निजामाच्या राज्यातली ती शेवटची वर्षं. माझ्या माहेरची मेंढरं आजोबांच्या काळातच गेली होती. आम्ही शेतकरी झालो होतो आणि आईला त्याचा भारी तोरा. अंगण कायम सारवलेलं, अंथरुणं दर आठवड्याला उन्हात. अशा घरातली मी लग्न होऊन भोकरदनकडं आले, तर सासरी दारासमोरच मेंढवाडा. लेंड्या, लोकर, चिखल. तो वास माझ्या भाकरीलासुद्धा यायचा.

त्याच महिन्यात मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, मेंढरं राखायला कुत्र्याचं पिल्लू आणलं. काळं, ओंजळीत मावेल एवढं. मेंढवाड्याच्या कोपऱ्यात घोंगडीचा फाटका तुकडा टाकला आणि त्यावर ठेवलं. सुनेशी सासरा थेट बोलत नसे. म्हणून मला ऐकू जाईल अशा बेतानं ते सासूबाईंना म्हणाले, "त्या घोंगड्याला कुणी हात लावायचा न्हाई. बिलकुल न्हाई."

का, ते काही सांगितलं नाही. त्या घरात नुसते हुकूम सुटायचे.

माझे मालक दिवसभर मेंढरांमागं. माझ्याशी बोलायला घरात कुणी नाही. ते पिल्लूच काय ते माझं. त्याच्या कानांत गोचीड भरले, खाजवून खाजवून रक्त निघालं. मी दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. मेंढरं रानात गेल्यावर घोंगडं काठीनं बडवलं, राखेच्या उकळत्या पाण्यात बुडवलं, ओढ्यावर नेऊन धुतलं आणि बोराटीच्या कुंपणावर वाळत टाकलं. कोपरा शेणानं सारवला, खाली कडुलिंबाचा पाला पसरला. तरी घोंगड्याचा वास जाईना, म्हणून वर माझ्या जुन्या लुगड्याची घडी घातली. मग दर आठ दिवसांनी हेच. लुगड्याची घडीही बदलायची. कानांच्या जखमा भरल्या, अंगावर तुळतुळीत केस आले. मला केवढा अभिमान!

आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, हे पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. घोंगडं पिळताना त्या ओढ्यावर माझ्यासमोर उभ्या होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. सासूची संमती आहे, असं मी धरून चालले.

दिवाळीनंतर पिल्लू मोठं झालं आणि त्याला मेंढरांबरोबर रानात नेलं. दुपारी ते एकटंच परत आलं आणि माझ्या पायाशी बसलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी लांडग्यानं कोकरू नेलं, तेव्हा हे माझ्या चुलीजवळ झोपलेलं होतं.

मामंजी तणतणतच आले. "मेंढराकडं बघतसुदिक न्हाई. हिच्याच मागं फिरून राह्यलंय. काय कामाचं हे कुत्रं?"

सकाळी त्यांनी त्याच्या गळ्यात दोरी घातली. राजूरला गणपतीच्या देवळाजवळ कुणी दुकानदार होता, त्याला द्यायला ओढत नेलं. ते वळून वळून माझ्याकडं बघत होतं. मी पदर तोंडात कोंबून दारात उभी राहिले.

मामंजी रिकामी दोरी घेऊन आले तेव्हा मात्र मला राहवलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्यांच्यासमोर तोंड उघडलं. "मामंजी, माझं काय चुकलं तेवढं सांगा."

ते दचकले. उत्तर दिलं तेही सासूबाईंकडं बघून. "तिला सांग, पिल्लू मेंढराच्या वासात झोपलं तरच मेंढरू त्याला आपलं वाटतं. हिनं तो वास धुऊन टाकला अन् सोताचा लावला."

बस, एवढंच! एका दमात सांगून होण्यासारखी गोष्ट.

"मंग हे आधी सांगता येत न्हवतं का?" मी ओरडले. पदर डोक्यावरून कधी घसरला ते कळलंही नाही. मामंजी उठून बाहेर गेले.

आत्याबाईंनी दंडाला धरून मला आत ओढलं. आता मार बसणार, असं वाटलं. त्या चुलीपाशी बसल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "माझंबी एक असंच गेल्तं. मीबी धुतलं होतं."

मी विचारलं, "मंग मला ओढ्यावरच का न्हाई सांगितलं?"

"मला कुठं कुणी सांगितलं होतं?" त्या म्हणाल्या आणि पिठाची परात पुढं ओढली.

मामंजींवरचा राग पुढं निवला. आत्याबाईंवरचा नाही.