म्हातारीसाठी खिडकी

मुरुडला होड्या बांधणारा एक सुतार होता. माझी जुनी, मागे खिडक्या नसलेली व्हॅन आतून राहण्याजोगी करून घ्यायला मी त्याच्याकडे नेली. माझ्या दोन कुत्र्यांना घेऊन मला किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायचं होतं, पण त्यातली म्हातारी कुत्री गाडीत बसली की ओकायची.

सुतार कुत्र्यांना भ्यायचा. ती दिसली की फळ्यांच्या ढिगावर चढून बसायचा आणि तिथूनच मला विचारायचा, "म्हातारी झोपते कशी? पाय ताणून का मुटकुळं करून?"

गाडीत माझ्या झोपायच्या बाकाखाली त्याने कुत्र्यांसाठी प्रशस्त कप्पा केला. मला तो पसंत पडला, त्याला पडला नाही. गुडघे पोटाशी घेऊन तो स्वतःच आत शिरला.

"लावा दार. काशीदपर्यंत चला."

काशीदला दार उघडलं, तर तो घामाने निथळत होता. कसाबसा उतरला आणि रस्त्याकडेला भडाभडा ओकला. मग तोंड पुसून म्हणाला, "आत वारा न्हाय. तिचा काय दोष न्हाय."

परतल्यावर त्याने छिन्नीने पत्रा कापून म्हातारीच्या नाकाच्या उंचीवर खिडकी केली आणि कडांना काथ्या गुंडाळला.

मी तिला दोन वर्षं ओकारीवरची औषधं पाजत आलो होतो.