बोडक्या ऐनांचा पडदा

मुरारी पोलादपुराजवळच्या डोंगरवाडीतला शेतकरी. पण तरुणपणी मुंबईत नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या एका पेंटरच्या हाताखाली राहून आलेला. येताना खोकला आणला आणि एक खोडही आणली: डोळ्यांना दिसेल तेच काढायचं. देवळाच्या भिंतीवरचा त्याचा वाघ इतका उपाशी दिसायचा की पोरं रडायची. तरी गड्यानं वाघाला चार घास घातले नाहीत.

साठ सालाच्या हिवाळ्यात मात्र त्याची झोप उडाली. लेक आवडी नदीपलीकडच्या वाडीत दिलेली, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी यायची होती. पण भाताच्या रोपांची जागा, म्हणजे राब, भाजायला झाडांचा टहाळ, पानांच्या फांद्या तोडतात, त्यावरून दोन्ही वाड्यांत जुंपली होती. अलीकडच्यांनी कार्तिकातच मालोजीची ऐनाची झाडं फांदी न ठेवता छाटून आणली, आणि हा मालोजी आवडीचा सासरा. दरसाल पाणी ओसरलं की दोन्ही वाड्या मिळून नदीवर ओंडक्यांचा पूल, साकव बांधत. यंदा कुणी ओंडका उचलला नाही. पोटुशी सून पाण्यातून पाठवणार नाही, असा मालोजीचा निरोप आला. त्याचं काही चुकत नव्हतं, तेच मुरारीला जास्त बोचलं.

माघातली देवीची जत्रा पलीकडे भरायची, पण नाटकाला अलीकडचेही पाणी तुडवून जात, दोन्ही वाड्या जमत. नाटकाचा पडदा रंगवायचं काम मुरारीकडेच होतं. त्यानं त्यावर साकव काढायचं ठरवलं. बघून तरी लोकांना लाज वाटेल, लेक घरी येईल. ओंडके, वेलांच्या गाठी, हाताला धरायचा बांबू, सगळं जीव ओतून रंगवलं. काठावर ऐन काढले, उभे होते तसेच, बोडके. बायको तुळसा म्हणाली, थोडी पानं घाला. त्यानं हसण्यावारी नेलं.

दिवस कलता पडदा सोडला. साकवाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. पलीकडच्यांना आपली झाडं दिसली. मालोजी उठला.

"व्याही, झाडं सोललीत ती सोललीत. आता देवीम्होरं टांगून आमाला हिणवता?"

मुरारी साकवाकडे बोट दाखवत राहिला, ऐकतो कोण? पलीकडची माणसं उठून घराकडे निघाली. आवडी कमरेवर हात ठेवून बापाशी थांबली. झाडांना दोन पानं काढली असतीस तर काय बिघडलं असतं, असं तिनं विचारलं.

"पानं नव्हती गो त्यांना."

"साकव तरी कुठं हाय, बाबा?" ती म्हणाली आणि सासऱ्याच्या मागून चालू लागली.