परळीचा शिक्का

बिस्किट बघितलं की मला मळमळतं. दुकानात पुडा दिसला तरी मी तोंड फिरवते.

आई परळीच्या एका बेकरीत वीस वर्षं मैदा मळत होती. तेव्हा लोक घरून पीठ, साखर, तूप पत्र्याच्या डब्यात घेऊन यायचे आणि भट्टीवर बिस्किटं भाजून न्यायचे. थर्मल वीजकेंद्राची राख उडायची म्हणून आई ट्रेवर फडकं टाकून राखण करायची. मग कंपन्यांचे चकचकीत पुडे गल्लोगल्ली आले. घरचं तूप घेऊन रांगेत कोण उभं राहतंय? बेकरी बंद पडली. मालकानं जुने साचे आईला देऊन टाकले आणि आईनं गावी येऊन आमच्या बौद्धवाड्यात, घरामागं स्वतःची भट्टी बांधली. साठीला टेकलेली बाई, दुसरं काय करणार? माझ्या पगाराला ती हात लावत नाही. तिचं सगळं त्या भट्टीवरच होतं.

नानकटाई अशी करायची की जिभेवर विरघळावी. पण गावातलं कुणी घेईना. तोंडावर कुणी काही बोलायचं नाही, हां. एकीचा सोमवार, दुसरीची चतुर्थी, तिसरीची दाढ दुखायची. शेवटी दुकानदारच आईला म्हणाला, "मावशी, सुटं कावून इकता? पुडा करा, वर परळीचा शिक्का मारा. मग बघा." आईनं शिक्का मारला. आठवडाभरात सगळ्यांचे उपास सुटले, आजूबाजूच्या गावांतही पुडे जायला लागले.

मी बीडला शाळेत शिकवते. सुट्टीत गावी गेलते तेव्हा निवडणूक तोंडावर होती, म्हणून गावचे एक पुढारी चार माणसं घेऊन आमच्या ओसरीवर आले. आईनं चहा केला. "नको नको, मला शुगर हाय," म्हणाले. पाणी? "आत्ताच पेलो." मग त्यांची नजर खाटेवरच्या पुड्यावर गेली. "हे चालंल. पॅक हाय." स्वतःच्या हातानं फोडला आणि एकामागं एक नानकटाई हाणायला लागले. शुगर कुठं गेली कुणास ठाऊक. मिशीला चुरा लागलेला. "परळीचा माल लई भारी असतोय, बरं का."

मला किळस आली. आई दारातून डोळ्यांनीच मला गप्प करत होती. मी बोलले तर तिचं काय जाईल हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. तरी बोलले.

"साहेब, परळीचा नुसता शिक्का हाय. मळलंय माझ्या आईनं, तिच्याच हातानं. तो चहा केला ना, त्याच हातानं."

त्यांचं तोंड थांबलं. गिळवेना, थुंकवेना. सोबतची माणसं आपापल्या पायाकडं बघत बसली. मग ते उठले, हात जोडले आणि कुडाच्या पलीकडं जाऊन पचकन थुंकले. चूळ भरायला गाडीतली बाटली मागवली. आम्ही दोघी ओसरीवर उभ्या राहून ते ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी दुकानदारानं सगळे पुडे परत पाठवले. आजूबाजूच्या गावांतूनही मागणी थांबली. मी आईला म्हणाले, बरं झालं, असल्यांच्या तोंडात आपलं काही पडायलाच नको.

आई परत आलेले पुडे फोडून नानकटाई डब्यात भरत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुला किळस आली, तू बोलून मोकळी झालीस. तुला शाळा हाय. मी उद्या कावून उठू?"