फौजदाराचं पथ्य

रनाळ्यात हिंमतराव पाटलांच्या शब्दाची लोकांना जरा धास्तीच वाटायची. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण एकदा तोंडातून शब्द गेला की तो पाळायचाच, मग त्यात शहाणपण असो वा नसो. सासुरवाडीला एकदा मेव्हण्याशी त्यांची बाचाबाची झाली. कशावरून झाली ते पुढे दोघांनाही आठवेना. पण त्या भरात हिंमतराव म्हणून बसले, "तुन्हा घरनं पानी मी पिवाव नही." नंतर दोघांचं चांगलं गूळपीठ जमलं, हिंमतरावांना विचारल्याशिवाय मेव्हणा बैल घेईना. तरी सासरी जाताना गाडीला आपल्या विहिरीच्या पाण्याची घागर बांधलेली असायचीच. जेवण तिथलं आणि पाणी घरचं, असा तो मामला होता. लोक हसत. पण बांधाचं भांडण मिटवायचं असलं की ओट्यावर नेऊन बसवत ते हिंमतरावांनाच.

त्यांच्या कुत्र्याचं नाव फौजदार. अंगापिंडानं दांडगा, रंगानं काळपट, आणि चालायचा असा की गाव त्याच्या बापाचं. खरा फौजदार गावात फेरीला आला की घरातल्या माणसांची पंचाईत व्हायची. मग त्या दिवसापुरतं कुत्र्याला नुसतं 'ए बाबा' म्हणत.

त्या साली, म्हणजे एकोणीसशे पस्तीस-छत्तीसच्या सुमारास, भुईमुगाच्या रानात डुकरांनी उच्छाद मांडला होता. निर्मलाबाई, म्हणजे हिंमतरावांची मालकीण, भाचीच्या बाळंतपणासाठी तापीकाठी माहेरी गेल्या आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी फौजदार कळपाबाहेर एकट्यानं फिरणाऱ्या एका एकुलग्या डुकरावर धावून गेला. डुकराचा सुळा लागला. ओठापासून गालफडापर्यंत चिरलं आणि आतल्या दाढा खिळखिळ्या झाल्या.

हिंमतरावांनी गाडी जुंपली आणि त्याला नंदुरबारला ढोरांच्या दवाखान्यात नेलं. कुत्र्यासाठी बैलगाडी जुंपलेली पाहून अर्धं गाव दारात आलं. डॉक्टर पुण्याकडचे होते. त्यांनी गुंगीचं औषध देऊन दाढा काढल्या, तोंडाच्या आतून-बाहेरून टाके घातले आणि हात पुसत सांगितलं, "पाटील, भाकरी नाही, हाड नाही, कडक काही म्हणजे काही नाही. मऊ, पातळ आणि कोमट द्या. थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. टाके तुटले तर पुन्हा शिवायला तिथे जागा उरलेली नाही. आणि पोटात काही गेलं नाही, तर मग टाके असून उपयोग नाही."

मऊ, पातळ, कोमट. हिंमतराव येताना वाटभर हे तीन शब्द घोकत आले. चुलीशी त्यांचा संबंध आजवर बिडी पेटवण्यापुरता. थोरली वहिनी गजराबाई शेजारच्याच घरात राहायची, तिनं त्यांच्यासाठी भाकरी-भाजी पाठवायचं कबूल केलं होतं. पण कुत्र्याचं आपण करायचं, असं त्यांनी ठरवलं. वहिनीकडून दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, कण्या आणल्या आणि दुधात शिजत घातल्या. पहिल्या खेपेला करपल्या. दुसऱ्या खेपेला गोळे झाले. तिसऱ्या खेपेला जे काही जमलं ते त्यांनी बोटांनी कालवून सारखं केलं आणि बोट बुडवून कोमट झालं का ते पाहिलं. मग जर्मनच्या ताटलीत घालून फौजदारासमोर ओसरीवर ठेवलं.

फौजदारानं वास घेतला. शेपटी एकदा हलवली. मग ताटलीकडे पाहिलं, हिंमतरावांकडे पाहिलं आणि मान वळवून गोणपाटावर पडून राहिला.

अजून गुंगी असेल, असं हिंमतरावांना वाटलं. स्वतःचीही अन्नावरची वासना उडाली होती. वहिनीची भाकरी त्यांनी धडप्यात बांधली, दुसऱ्या दिवशी रानात नेली आणि निंबाखाली उभ्या उभ्या कशीबशी खाल्ली. परत आले तर ताटलीतल्या कण्यांवर साय धरलेली, आणि फौजदार जागचा हललेला नाही. पाणी तेवढं जपून जपून प्यालेला.

मग मात्र त्यांचं डोकं चालेना. ताज्या कण्या केल्या, तो खाईना. नुसतं दूध दिलं, तो पिईना. बरं, भूक नाही म्हणावं तर ताटली समोर आली की त्याच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबायच्या. दुखतंय म्हणावं तर पाणी कसं पितो? रुसलाय म्हणावं तर शेपटी कशी हलवतो? हिंमतराव ताटलीपुढे उकिडवे बसून या तीन प्रश्नांत पुन्हा पुन्हा फिरत राहिले.

शेजारचा रतिलाल आला. केळीच्या बागेतला घड कुणाला फुकट न देणारा, पण सल्ला मात्र सगळ्या विषयांवर मोफत देणारा माणूस. "आप्पा, डॉक्टरनी जीभ कापी टाकी व्हई," तो म्हणाला. हिंमतरावांनी वाकून पाहिलं. जीभ होती. मग रतिलाल म्हणाला, नजर लागली. गाडीतून मिरवत नेलंत ना, सगळ्या गावानं पाहिलं. गजराबाईनं मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या. ठसका लागून सगळे खोकले, फौजदारही शिंकला, आणि शिंकून परत पडून राहिला.

पुन्हा गाडी जुंपून नंदुरबार गाठलं. डॉक्टरांनी बॅटरी लावून तोंड तपासलं. टाके नीट होते, सूज उतरत होती. तेही बुचकळ्यात पडले. "खायला हरकत काहीच दिसत नाही, पाटील," ते म्हणाले. "का खात नाही ते मला सांगता येत नाही. पण असंच राहिलं तर जगायचा नाही."

त्या संध्याकाळी फौजदाराच्या बरगड्या मोजता येतील अशा दिसत होत्या. हिंमतरावांना राहवलं नाही. देव्हाऱ्यात कानबाई देवीचा नारळ होता, त्याच्यासमोर ते जाऊन उभे राहिले. गजराबाई आणि रतिलाल दारातच होते.

"आई," हिंमतराव म्हणाले, "मन्हा फौजदार जोवर खात नही, तोवर मी बी पानीशिवाय काही तोंडात घालाव नही. तुन्ही आन शे."

गजराबाईनं कपाळाला हात लावला. दुसऱ्या कुणी अशी आन घेतली असती तर सकाळपर्यंत भूक लागून विसरला असता. हा माणूस विसरणारा नव्हता. सासरी घागर नेणारा माणूस हा.

आणि तसंच झालं. फौजदार गोणपाटावर आणि हिंमतराव त्याच्याशेजारी घोंगडीवर. मध्ये कण्यांची ताटली. दिवसातून चार वेळा नव्या कण्या शिजत, कोमट होत आणि गार होऊन शेवटी बैलाच्या गव्हाणीत जात. हिंमतरावांनी तळहातावर घेऊन पाहिलं, ओठाला लावून पाहिलं, लहान लेकराला बोलावं तसं बोलून पाहिलं. फौजदार त्यांचा तळहात सोडून मनगट चाटायचा. हिंमतराव सुकत चालले, तसा फौजदारही. एकदा तर त्यांना वाटलं, हे जनावर आपल्याकडेच काळजीनं बघतोय. भुकेनं आपल्याला भ्रम होतोय, असं म्हणून त्यांनी तोंडावर पाणी मारलं.

गजराबाईनं कुणाला न विचारता तापीकाठी सांगावा धाडला: जाऊबाई, तुझ्या नवऱ्यानं अन्न सोडलंय.

निर्मलाबाई आल्या त्या गाडीतून उतरतानाच बोलत आल्या. "कुत्राकरता उपाशी बठनात? मी पंधरा दिन तापमा पडेल व्हतू, तवय एक एकादशी तरी धरी का मन्हाकरता?" पण ओसरीवर नवऱ्याचे खोल गेलेले डोळे दिसले आणि त्या तिथेच ताटलीशेजारी टेकल्या.

हिंमतरावांना खरं तर मोठी आशा होती. फौजदार तिच्याविना झुरतोय, ती आली की खाईल, हा त्यांचा शेवटचा तर्क होता. फौजदारानं निर्मलाबाईंना पाहून शेपटीनं जमीन झाडली, कुईकुई केलं. त्यांनी ताटली पुढे सरकवली. त्यानं ताटलीकडे पाहिलं, हिंमतरावांकडे पाहिलं आणि मान वळवली. झालं. हिंमतरावांनी भिंतीला डोकं टेकलं.

निर्मलाबाईंनी आत जाऊन चूल पेटवली. नवऱ्यानं आन घेतलीय हे ऐकूनही त्यांनी रोजच्या जागी पाट मांडला, ताट वाढलं. निदान वासानं तरी यांचं मन वळेल, असा त्यांचा हिशेब. पाटाचा आवाज झाला आणि इतके दिवस जागचा न हललेला फौजदार लटपटत उठला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर येऊन बसला आणि ताटाकडे बघू लागला.

निर्मलाबाईंच्या हातातला तवा तसाच राहिला. "तुम्ही घरमा जेवनात कवय?" त्यांनी विचारलं.

"तू गई तवयपासून नही. जे खादं ते वावरमाच."

"मंग तो कसा खाई?"

हिंमतरावांना काही कळलं नाही. निर्मलाबाईंनी कपाळावरचा घाम पुसला आणि सांगितलं. रोज हे जेवतात, ताटात हात धुतात आणि चूळ भरायला मागच्या अंगणात जातात. हे जेवत असतानाच त्या फौजदारापुढे भाकरीची कोर टाकतात, पण तो खातो ते हे उठल्यावरच. धनी जेवल्याशिवाय दारचं जनावर जेवत नाही, ही सासूबाईंची रीत. पिल्लू असताना त्यानं एकदा आधी तोंड घातलं होतं, तेव्हा सासूबाईंनी फुंकणीनं असं शिकवलं की पुन्हा शिकवावं लागलं नाही. "तुम्हनी पाठ ऱ्हास, तुम्हले काय दखास? मी रोज दखस. तुम्हना हात धोवाई जात नही, तोवर तो कोरले शिवस बी नही."

हिंमतराव बघतच राहिले. स्वतःच्या घरात रोज दोन वेळा घडणारी गोष्ट, आणि आपल्याला पत्ता नाही. मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. हा खात नाही म्हणून आपण खात नाही, आणि आपण खात नाही म्हणून हा खात नाही. एकानं सोडल्याशिवाय सुटायचं नाही. आणि आपण तर कानबाईची आन घेऊन बसलोय.

निर्मलाबाईंनी युक्ती काढली. नुसतं पाटावर बसा, हात धुवा आणि उठा. हिंमतराव बसले. भाकरीला न शिवता पेल्यातलं पाणी हातावर घेतलं. फौजदारानं अख्ख्या भाकरीकडे पाहिलं, धन्याच्या तोंडाकडे पाहिलं. उठला नाही. फसणाऱ्यातला नव्हता तो. उलट पुढच्या पायांवर डोकं टाकून त्यानं डोळे मिटले आणि त्याच्या कुशीचं वरखाली होणं इतकं हलकं झालं की निर्मलाबाईंनी पदर तोंडाशी नेला.

"काय करतस मंग?" त्यांनी हळूच विचारलं.

आयुष्यभर हिंमतरावांनी दिलेला शब्द एवढी एकच गोष्ट जपली होती, आणि गावानं त्यांना मान दिला तो तिच्यापायीच. आणि ही आन तर घेतली होती देवीसमोर, दोन साक्षीदारांदेखत. त्यांनी एकदा देव्हाऱ्याकडे पाहिलं. ओठ हलले, काय म्हणाले ते निर्मलाबाईंना ऐकू आलं नाही. मग त्यांनी भाकरी मोडली.

पहिला घास त्यांनी सावकाश चावला. दुसरा भराभर. मग उपाशी माणसाच्या भुकेनं त्यांचा ताबा घेतला आणि ते जेवत सुटले, डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसायचंही सुचलं नाही. निर्मलाबाई वाढत राहिल्या, कण्यांची ताटली त्यांनी उंबऱ्याबाहेर फौजदारापुढे आणून ठेवली. फौजदारानं डोळे उघडले होते. हिंमतरावांनी ताटात हात धुतला, पेला उचलला आणि रोजच्यासारखे मागच्या अंगणात गेले. चूळ भरण्यासाठी तोंडात पाणी घेतलं, आणि तेवढ्यात आतून आवाज आला. जर्मनची ताटली जमिनीवर घासत होती. लपक लपक, जरा थांबून, पुन्हा लपक लपक.

हिंमतराव तसेच उभे राहिले. चूळ थुंकली तर आवाज होईल, आवाज झाला तर तो थांबेल, या भीतीनं गाल फुगवून, तोंडात पाणी धरून. डोळ्यांतलं पाणी मिशांवर उतरत होतं.

कुंपणापलीकडून रतिलालनं हे पाहिलं. मिशांना भाकरीचा चुरा लागलेला त्याला दिसला. "आप्पा," तो चकित होऊन म्हणाला, "जेवनात तुम्ही? आणि आन?"

हिंमतरावांनी हात वर करून त्याला गप्प बसवलं. आत ताटली अजून वाजत होती. ती पुरती चाटून झाल्यावरच त्यांनी तोंडातलं पाणी सोडलं.

"कानबाईले समजाडता येस, रतिलाल," ते म्हणाले. "कुत्राले कसं समजाडू?"