काळ्याचा खाकी

आमचे हे पाणी वरून पितात. पेला असो की तांब्या, धार तोंडात पडते, भांडं ओठाला लागत नाही. सासूबाई सांगायच्या, गणपतला लहानपणी बहिणीच्या ताटातला घास दिला तरी उमासे यायचे. म्हणून मी त्यात कधी दुसरं काही पाहिलं नाही. एकेकाचा स्वभाव असतो, असं धरून संसार केला.

यांची सगळी नोकरी लकडगंजच्या एका लाकडाच्या टालावर गेली. हे गादीवर मुनीम, आणि लाकूड चिरायच्या आरा मशीनवर धम्मानंद. लग्नसराई आली की धम्मानंदभाऊ सुट्टी टाकायचे आणि लाल कोट चढवून बॅंडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. वरात टालासमोरून निघाली की हे हातातलं काम टाकून दारात यायचे. घरी आल्यावर मला सांगायचे, "आज धम्मानंदनं असा वाजवला वं, पाटीवाला हमालही थांबून राहिला." तेव्हापासून ते वाद्य यांच्या मनात बसलं होतं.

टालावर धम्मानंदभाऊ यांना 'मुनीमजी' म्हणत. नोकरी सुटली तेव्हा यांनी हट्टानं 'गणपतभाऊ' म्हणायला लावलं. चारचौघांत सांगायचेही, "आपल्यात असलं काही नाही बाप्पा. तो मले भाऊ म्हणते." सांगताना मान जरा ताठ व्हायची.

हुडकेश्वरला घर झाल्यावर यांनी एक जुना सॅक्सोफोन आणला. डीजेमुळे बंद पडलेल्या एका बॅंडचा होता. कॉलनीच्या गणपतीपुढे एक आरती वाजवायची, एवढीच हौस. घरी आणून पाहतात तर तोंडात धरायचा भागच नाही. चोचीसारखा असतो तो, त्याला माउथपीस म्हणतात आणि त्यावर पत्ती बांधतात, हे मला तेव्हा कळलं. धम्मानंदभाऊंना फोन लावला तर ते हसले.

"तो कुठून भेटणार, गणपतभाऊ. वाजवणारा बाजा ठेवून जाते, माउथपीस घेऊन जाते. आपलं तोंड कोणी मागं सोडते का?"

रविवारी ते स्वतःच तीन माउथपीस घेऊन आले. दोन दुकानातून पसंतीला आणलेले, अजून पिशवीत बंद. तिसरा काळा, कडक रबराचा, त्यांचा स्वतःचा, वापरून गुळगुळीत झालेला.

"हा पिलास्टिकचा, शिकणाऱ्याचा. फुंकाले सोपा, पण आवाज पातळ. स्टीलचा वरातीतला, तो लय बोंबलते, तुमच्या गणपतीले पळवून लावंल. अन् हा माहा."

काळा बसवून त्यांनी वाजवला. आमची बैठकीची खोली भरून गेली. मी देवघरात वाती वळत होते, हात थांबला. मग ओठांतून काढून त्यांनी वाद्य तसंच यांच्यापुढे धरलं. "घ्या, फुंका. पत्ती ओली आहे, लगेच बोलते."

यांनी हात पुढे केला आणि मध्येच गालावर नेला. "आज दाढ दुखून राहिली गा. तिन्ही ठेवून जा. सवडीनं पाहतो."

"पाहा आरामशीर. जो तोंडाले जमते तो ठेवा. माहा नाही जमला त मले परत द्या. तो मी कोणाले देत नसतो."

ते गेल्यावर यांनी वाटीभर फुटाणे खाल्ले. कडक होते.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "एक पातेलं दे वं. जंतू मारून घेतो." मी पूजेवरून उठले. ओट्यावरचं पातेलं दिलं नाही, मोरीजवळचं जुनं काढून दिलं. का, ते स्वतःला विचारलं नाही. पाणी खळखळ उकळलं आणि त्यात यांनी एकच माउथपीस सोडला. काळा.

घरभर गंधकाचा वास सुटला, फटाके फुटल्यासारखा. चिमट्यानं बाहेर काढला तर काळ्याचा खाकी झालेला, होमगार्डच्या जुन्या टोपीसारखा. खोबरेल तेल चोळून पाहिलं, राखेनं घासून पाहिलं. खाकी तो खाकीच.

मग नवे दोन फुंकून पाहिले. प्लास्टिकचा चिरका लागला. स्टीलच्या वेळी वरच्या मजल्यावरची रितिका खाली आली, "काकू, काकांनी बकरी आणली का?" सगळ्यांत शेवटी यांनी डोळे मिटून तो खाकी तोंडात धरला. पहिल्याच फुंकेत भरल्या गळ्याचा सूर निघाला. हे एकदम थांबले. "जमते त हाच," म्हणाले, आणि खुर्चीत बसून राहिले. ठेवला तर धम्मानंदभाऊंच्या समोर वाजवावा लागणार, परत केला तर त्यांच्या हातात द्यावा लागणार.

मी म्हटलं, "खरं सांगून टाका. उष्टं चालत नाही म्हणा. तुम्हाला तर बहिणीचंही चालत नव्हतं."

"पायलच्या पोराचं अर्धं आइस्क्रीम खातो ना वं मी," हे म्हणाले.

पायल आमची मुलगी. नातवाचं खाल्लेलं आइस्क्रीम हे चाटूनपुसून संपवतात, हे मी रोज पाहते.

पुढच्या रविवारी धम्मानंदभाऊ आले. मी चहा ठेवला. यांनी तिन्ही माउथपीस टीपॉयवर मांडले आणि खिडकीकडे पाहत म्हणाले, "हा चुकून उन्हात राहिला गा."

भाऊंनी तो उचलला, फिरवून पाहिला, नाकाशी नेला. "होते असं उन्हानं कधी कधी," ते म्हणाले. इतक्या हळू म्हणाले की यांची मानच खाली गेली.

"ऊन नाही गा. उकळला मी."

"समजलं. वास येऊन राहिला." मग त्यांची नजर नव्या दोघांवर गेली. "हे उकळले का?"

"नाही."

भाऊंनी चहा संपवला. उठले, मोरीवर गेले आणि कप विसळला. मी "राहू द्या भाऊ, राहू द्या" म्हणेपर्यंत तो धुऊन पालथाही घातला होता. इतक्या वर्षांत त्यांनी आमच्याकडे कधी कप धुतला नव्हता.

"मुनीमजी, तुम्ही पिलास्टिकचा ठेवा," दारात चप्पल घालताना ते म्हणाले. "त्याले दुसऱ्या कोणाचं तोंड लागलं नाही." बाकीचे दोन पिशवीत टाकून ते गेले.

'मुनीमजी' हा शब्द ऐकून हे उंबऱ्यातच उभे राहिले. त्या वर्षी गणपतीपुढे आरती टाळ्यांवरच झाली. कोणी विचारलं तर हे दाढेचं कारण सांगायचे.

उन्हाळा लागला तसे एका रविवारी हे काही न सांगता सॅक्सोफोन स्कूटरवर बांधून गेले. जेवायच्या वेळी परतले.

"वाजवला का?" मी विचारलं.

"हो. त्याच्याच अंगणात."

"कोणत्या माउथपीसनं?"

"तोच. पहिले तो वाजवते, मग माह्या हाती देते. घरी नेऊ देत नाही."

"आणि बोलतात का आधीसारखे?"

यांनी पाण्याचा पेला उचलला, वरून धार धरली, प्याले. मग म्हणाले, "अजून मुनीमजीच म्हणते."

आता दर रविवारी जातात. जाताना मी इस्त्रीचा रुमाल यांच्या खिशात घालते आणि आल्यावर तो पाहते. तो माउथपीस हाती आला की यांनी पुसायला रुमाल काढला की नाही, ते मला घडीवरून कळतं. बरेच रविवार घडी तशीच परत आली. मी देवापुढे मनातल्या मनात हात जोडले.

काल रुमाल चुरगळलेला आणि ओला निघाला. ऊन मरणाचं आहे, घामही असेल. विचारावं म्हणून हॉलकडे निघाले, तर रुमाल धरलेला माझाच हात घरच्या कपड्यांची बादली सोडून वेगळ्या बादलीकडे गेलेला. मग कोणत्या तोंडानं विचारणार होते?